मोरपिसाचा तरंगा आणि शिशाचा मणी

फार वर्षांपूर्वीची मार्गशीर्ष पंचमी. धुकं होतं, वारा पडलेला. तळ्याकाठी भागामावशीच्या गळाच्या दोऱ्यावरचा मोरपिसाचा तरंगा शिशाच्या मण्यावर डाफरला, "मेल्या, मला गळ्यापर्यंत बुडवतोस! सूट इथून."

मणी निमूट गवतात गळून पडला. मावशीने गळ टाकला. हलका तरंगा पाण्यावर ऐटीत आडवा झाला. मासे गळाला लावलेलं गांडूळ खाऊन गेले, त्याला पत्ताच नाही.

रिकामा गळ पाहून मावशी म्हणाली, "मुडद्या, झोपलास? चुलीतच घालते तुला!"

"शिसेदादा, वाचव रे!" तरंगा रडला.

मणी घरंगळत मावशीच्या पायाखाली आला. तिने मण्याच्या चिरेत दोरा घालून तो दातांनी दाबला, नवं गांडूळ लावून पुन्हा गळ टाकला. तरंगा उभा राहिला, फक्त शेंडा पाण्याबाहेर.

"दादा, आता खालचं सगळं कळतंय. उपकार झाले तुझे."

शेंडा बुडाला. मावशीने गळाची काठी उचलली. सव्वा शेराचा एक रोहू मिळाला.