शिखरावरचा शिंपला

डोंगरांना अजून कोणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आज ज्याला हिमालय म्हणतात, त्याच्या एका उंच शिखरावर, खडकात रुतलेला एक शिंपला राहत असे. तोही आता दगडाचाच झाला होता.

"इथे पूर्वी समुद्र होता," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "तळ वर उचलला गेला, आणि त्याच्याबरोबर मीही."

"दगडोबा, उन्हाने डोकं तापलंय तुमचं!" डोंगरकावळा हसे. मग शिंपला लाटांचा आवाज आठवून पाही. अलीकडे तो नीट आठवत नसे.

एकदा त्याच्या पाठीवर एक हिमकण येऊन बसला. "आजोबा, मी समुद्रातूनच आलोय," तो म्हणाला.

"मग तू खारट कसा नाहीस?"

"वाफ होऊन वर यायचं, तर मीठ खालीच ठेवावं लागतं."

शिंपल्याला पहिल्यांदाच आपल्या गावचं कोणीतरी भेटलं होतं. "मला घेऊन चल," तो म्हणाला.

"आम्ही तुमच्या बाजूच्या फटीत वितळून पुन्हा गोठलो, की खडक फुटतो. तुम्ही सुटाल. पण नदी तुम्हाला घासत नेईल. पोचेपर्यंत तुमची वाळू होईल, आजोबा."

शिंपला मनातल्या मनात पाठीवरच्या रेघा मोजू लागला. त्यातली एकेक रेघ त्याने समुद्रातच वाढवली होती.

"लाटा अजून वाळूपर्यंत येतात ना रे?"

"रोज येतात."

"मग शिरा त्या फटीत," शिंपला म्हणाला.