पेवाच्या तोंडावर बसलेली येसाक्का

फार फार वर्षं झाली. कृष्णाकाठच्या भोरवडे गावात तेव्हा ज्वारी पेवात साठवायची रीत होती. पेव म्हणजे जमिनीखालची खोल कोठी. पोट मोठं आणि तोंड एवढं अरुंद, की एका वेळी एकच माणूस उतरेल. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच उतरायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या वर्षी घराघरांतलं पीठ संपलं होतं. सिदूने पूजा होताच पेव उघडलं आणि काठावर घुटमळला. त्याची बायको येसाक्का म्हणाली, "अवो, उतरा की! पोरं उपाशी हाईत."

सिदू उतरला. वरून हाक मारली, ओ आली नाही. त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला शेजारी. असे सात जण उतरले. जिवंत एकही वर आला नाही.

येसाक्का चाळीस दिवस बोलली नाही, असं म्हणतात. एकेचाळिसाव्या दिवशी तिने बाकीच्या सहा जणांच्या विधवांना बोलावलं. म्हणाली, "घाई मी केली. आता ह्या गावात पेवाच्या तोंडाशी कुणाला घाई करू द्यायची न्हाई."

पुढच्या साली पाटलांचं पेव उघडलं. त्यांचा मुलगा रायाजी कमरेला दोर बांधून आला, तर तोंडावरच येसाक्का मांडी घालून बसलेली. मागे सहा जणी उभ्या.

"ऊठ, अक्का!" पाटील कडाडले. "धान्य काढायच्या वक्ताला पांढऱ्या कपाळाची बाई म्होरं?"

"गेल्या साली आमच्या पेवाची पूजा सवाष्णीनंच केली व्हती, पाटील. मीच ती." येसाक्का हलली नाही. "दिवा सोडते. जळत ऱ्हायला तर उतरू दे पोराला."

"आन् इझला तर?"

"तर तुमची सून माझ्यासारखी व्हायची वाचली."

दोरीला बांधलेला दिवा पुरुषभर खाली गेला नाही तोच विझला. वारा तर कुठेच नव्हता. रायाजीने कमरेचा दोर सोडला.

मग साती जणींनी लिंबाचे डहाळे दोराला बांधले आणि दिवसभर वर-खाली करून पेवातली हवा उपसली. तिसऱ्या प्रहरी आतून एकामागून एक सात सुस्कारे बाहेर आले, असं म्हणतात. शेवटचा ऐकून येसाक्का पहिल्यांदा रडली. त्यानंतर सोडलेला दिवा तळाला टेकला तरी जळत राहिला.

त्या साती जणी पुढे आसपासच्या गावांतही जात. कुठलं पेव असो की बंद पडलेली विहीर, त्यांनी दिवा सोडल्याशिवाय कुणी उतरत नसे. त्यांच्या हयातीत पेवाने एकही माणूस घेतला नाही, असं म्हणतात.

आता भोरवड्यात पेवं थोडीच उरली आहेत. उघडायच्या दिवशी गावातल्या एखाद्या विधवेला मानाने घरून आणतात, दिवा तिच्याच हातून सोडतात. मागे एका घरचा नवा जावई घाईने काठाशी गेला, तेव्हा दोर धरलेला म्हातारा त्याला म्हणाला, "पाव्हणं, दमानं. अक्का बसलीया."

जावयाने पाहिलं. तोंडावर कुणीच नव्हतं. तरी तो थांबला.