सोडतीचा मक्ता

फार मागची गोष्ट. राज्य कोणतं ते विचारू नका. तिथे जत्रेत दरवर्षी सोडत निघायची. लोक हौसेने चिठ्ठ्या घेत आणि विक्रीतला आठवा हिस्सा तळ्याच्या देखभालीला जाई. सोडत चालवण्याचा मक्ता पाच वर्षांचा, आणि तळ्याला जो जास्त हिस्सा देऊ करील त्याला तो मिळे. लिलाव रीतसर व्हायचा, पण बोली लावायला येत एकटे शेठजी. "आठवा हिस्सा," म्हणायचे, पान खायचे आणि मक्ता घेऊन जायचे.

मक्त्याची मुदत संपत आली होती, त्याच साली तळ्याचा बांध खचला. आठव्या हिश्शात त्याची दुरुस्ती होणार नव्हती, आणि बांध फुटला तर खालची वस्ती वाहून जाणार होती. कारभारी निळोपंतांना घास गोड लागेना. त्यांनी गावोगाव दवंडी पिटवली, "मक्त्याला कोणीही यावं." तिघं आली, अटींचा कागद वाचला आणि परत फिरली.

पंत त्यांतल्या एका तेलिणीच्या मागे धावले. "बाई, बोली न लावताच निघालात?"

"पंत, कागद वाचलात का? बारा वर्षं सोडत चालवलेला माणूसच हवा म्हणे. शेठजींशिवाय असा आहे कोण? उगाच घाणा बंद ठेवून आले."

पंत वरमले. वीस वर्षं ते जुन्याच कागदाची नक्कल काढून खाली सही ठोकत होते. कधी वाचलाच नव्हता. स्वतःचाच त्यांना मनस्वी राग आला.

त्यांनी ती अट खोडली. भक्कम जामीन द्या आणि चिठ्ठी भर चौकात काढा, एवढंच ठेवलं. मागे दरसाल किती चिठ्ठ्या खपल्या तेही चावडीवर लावलं, म्हणजे नवख्याला अंदाज यावा.

शेठजी म्हणाले, "पंत, नवशिके बट्ट्याबोळ करतील."

"म्हणून तर जामीन घेतोय, शेठजी. तुम्हीही बसा बोलीला."

लिलावाला चौघं बसली. शेठजी सवयीने आठव्यावर थांबले. कोणी सहावा म्हणालं. तेलीण शांतपणे म्हणाली, "चौथा." शेठजींनी पान तोंडात तसंच धरलं, घाम पुसला आणि म्हणाले, "तिसरा." त्यापुढे कोणी गेलं नाही.

राजाला हसू आलं. "पंत, एवढा खटाटोप केलात आणि मक्ता पुन्हा शेठजींनाच?"

"हो महाराज. पण तिसऱ्या हिश्शावर."

त्या पैशातून पावसाच्या आधी बांध उभा राहिला आणि खालची वस्ती निर्धास्त झोपली.

तात्पर्य: नुसतं 'या' म्हणून चढाओढ होत नाही, येणाऱ्याला जिंकायची खरी संधी द्यावी लागते, तेव्हाच सगळ्यांचं भलं होतं.