तुदान आणि तीन दिवसांची लाल चिठ्ठी

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं आत्याने बजावलं आहे. मी शेवट आधीच सांगून टाकते आणि मग एकटीच हसत बसते, म्हणून. पण लिहू नकोस असं काही ती म्हणाली नव्हती.

तर फार जुन्या काळी, चीन देशातल्या एका गावात एक भोळा बदकं राखणारा होता. नाव तुदान. जे सांगाल ते तो करी. तेवढंच करी, आणि नको तिथे करी. मला त्याला हसायचा हक्क नाही. सरांनी फळ्यावर 'येथे आकृती काढा' लिहिलं, तेव्हा मी वहीत तेच शब्द सुवाच्य अक्षरात उतरवले होते.

तुदानची पाच स्थळं मोडली होती. आता सहावं आलं होतं. तिथली रीत अशी: मुलीची जन्मवेळ लिहिलेली लाल चिठ्ठी मुलाच्या घरी पूर्वजांच्या पाटीपुढे ठेवायची. पाटीवर तुदानच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं. तीन दिवस घरात भांडण झालं नाही, तर पूर्वजांना सून पसंत.

"फक्त तीन दिवस शहाण्यासारखा वाग रे," आई म्हणाली. "हे मोडलं तर सातवं यायचं नाही."

"बरं," तुदान म्हणाला.

पहिल्या दिवशी आई चुलीजवळच्या देवाच्या चित्राला मध लावत होती. वर्ष सरताना हा देव स्वर्गात जाऊन घराघरातलं सगळं सांगतो, असं तिथे मानत.

"आपली खबर जो नेणार, त्याच्या तोंडाला मध लावावा. मग तो गोड बोलतो."

"बरं."

दुपारी लग्नं जुळवणारी फेंगबाई आली. "घर बघते, आणि मुलीकडे जाऊन सगळं सांगते हो!"

तुदानने वाटीभर मध तिच्या तोंडाला फासला. ती भांडायला गेली, पण ओठच सुटेनात. पहिला दिवस बिनभांडणाचा गेला.

"गाढवा!" आई म्हणाली. "समोर देव आहे, माणूस आहे की मढं आहे, ते आधी बघावं!"

"मढं कसं ओळखायचं?"

"हात पुढे ताठ करून उड्या मारत येतं ते उठलेलं मढं. त्याच्या कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की ते जागीच थांबतं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील, म्हातारे गुओ आले. त्यांच्या पायात काटा रुतला होता. आधारासाठी दोन्ही हात पुढे करून ते लंगडी घालत अंगणात शिरले. तुदानने त्यांच्या कपाळावर पिवळा कागद चिकटवला. गुओ थक्क होऊन जागीच थांबले.

"लागू पडला!" तुदान ओरडला.

"अहो, मी जिवंत आहे!"

"सगळी मढी असंच म्हणत असतील."

गुओंना हसू आवरेना. "भोळा आहे," ते म्हणाले. "माझी पोर घेईल सांभाळून." दुसरा दिवसही पार पडला.

ते गेल्यावर आईने कपाळ बडवून घेतलं. "जिवंत माणसांना कागद चिकटवू नये रे! कागद असतात मेलेल्यांसाठी. कागदाचं घर, कागदाचा घोडा. ते जाळायचे. धुरातून त्यांना पोचतात आणि कायमचे त्यांचे होतात."

"बरं."

तिसऱ्या दिवशी तुदान चिठ्ठीपुढे राखण करत बसला. हलला नाही, बोलला नाही. नुसता विचार करत होता. त्याने विचार केला नसता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सगळे जमले. पाटीपुढे चिमूटभर राख होती.

"चिठ्ठी कुठे आहे?" फेंगबाईने विचारलं.

"बाबांना पाठवली," तुदान म्हणाला. "तीन दिवस नुसती समोर ठेवलीत. त्यांना पोचणार कशी?"

"अरे, जाळलं ते मेलेल्याचं! म्हणजे आता मुलगी..." फेंगबाई थांबली. सगळ्यांनी वडिलांच्या पाटीकडे पाहिलं.

"मेल्या!" आई किंचाळली. "तुझ्या बापाने जन्मात सवत आणली नाही, ती तू आणलीस!"

तुदानचा चेहरा उजळला. तो गुओंपुढे वाकला.

"बसा ना, आजोबा. धाकटी आई कधी येणार?"

आईने केरसुणी उचलली, गुओंनी आपली काठी, आणि तुदानला वाटलं की आता हे दोघं मिळून – थांबा, माझी आई हाक मारतेय. आले गं आई, एवढं एकच वाक्य