तीनशे झाडं आणि दोन कागद

"उक्तं सांगू की तासावर, महाराज?"

काशीगिरी महाराज मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बस."

मुरलीधर फुलसुंदर बसला नाही. पांढऱ्या पँटला ओट्याची माती लागली असती. याच मठात त्यानं सात वर्षं विहिरीचं पाणी ओढलं होतं, कुदळ धरायला तो इथंच शिकला होता. आता त्याच्या हाताखाली वीस माणसं होती आणि गाडीवर 'लँडस्केप कॉन्ट्रॅक्टर' असं रंगवलेलं होतं. गाव अजूनही त्याला माळीच म्हणायचं. त्याला राग यायचा.

त्यानं खिशातून दोन कागद काढून ओट्यावर ठेवले.

"हा उक्त्याचा. सगळ्या कामाचा मिळून एकच आकडा. कमी-जास्त झालं तर आपलं नशीब. आणि हा तासावरचा. माणसं जितके तास राबतील तितके पैसे. यातला एक आज सहाच्या आत दवाखान्यात द्यायचाय."

"कुठल्या?"

"खालच्या गावातल्या, ट्रस्टच्या. गेल्या साली त्यांच्या आवारात तीनशे झाडं लावली मी. उक्तीच घेतली होती." तो जरा थांबला. "चाळीस वाळली. बाकीची..."

"बाकीची?"

"जिवंत आहेत. पण वर्षात बोटभर वाढली नाहीत. ट्रस्टवाले म्हणतात, नव्यानं दर द्या आणि बाग उभी करून दाखवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. दुसरा आला की तालुक्यात माझं नाव संपलं, महाराज."

महाराजांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. त्यांनी टरफल बाजूला टाकलं.

"मला वाटतं उक्त्यानंच घात केला," मुरलीधर म्हणाला. "उक्तं म्हटलं की माणसं उरकून टाकतात. पण तासावर सांगावं तर ट्रस्टवाल्यांना वाटतं, हे झाडाखाली झोपा काढणार. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल त्या कागदावर सही करतो."

महाराजांनी ओट्याखाली बोट दाखवलं. तिथं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बकुळीचं एक रोप होतं.

"तेवढं लावून दे. विहिरीपाशी खड्डा काढून ठेवलाय."

मुरलीधर हसला. "उक्तं की तासावर?"

"उक्तं. दोन भाकरी आणि ठेचा."

मुरलीधरनं बाह्या सारल्या. गाड्या घेतल्या तरी हात विसरला नव्हता. त्यानं खुरप्यानं पिशवीच्या तळाला एक चीर दिली, रोप खड्ड्यात उभं केलं, चार फावडी माती लोटली, बुटाच्या टाचेनं दाबली. महाराजांच्या मूठभर शेंगाही फोडून झाल्या नव्हत्या.

"झालं."

महाराज गुडघ्यावर हात टेकत उठले. विहिरीपाशी आले. त्यांनी रोपाच्या बुडाशी दोन्ही हात घातले आणि ते अलगद वर काढलं.

काळी पिशवी जशीच्या तशी होती. तळाला तेवढी चीर.

"हे मी शिकवलं?"

"नाही, महाराज." मुरलीधर गडबडला. "पण तळ कापला की मुळं आपली वाट काढतात. पिशवी सोडवत बसलं की माती सुटते, वेळ जातो. आता सगळेच असं लावतात."

"तुझी माणसंही?"

"मीच दाखवलंय त्यांना."

हे बोलताना त्याचा आवाज खाली गेला. तो पिशवीकडे बघत राहिला...

मग एकदम त्याचा चेहरा उजळला. सोयीचं उत्तर सापडलं की माणसाला पुढचं काही दिसत नाही.

"बघा, म्हणजे तासावरच बरं! तासावर असतो तर पिशवी काढूनच लावलं असतं."

"मग तासावर लाव."

महाराज विहिरीच्या कठड्यावर बसले आणि बघू लागले.

मुरलीधरनं पिशवी हलक्या हातानं फाडली. मुळं आत गोल गोल फिरून एकमेकांत अडकली होती. ती त्यानं एकेक मोकळी केली. खड्ड्यातली माती बोटांनी चाळली, खडे वेचून बाजूला टाकले. रोप उभं केलं. भोवती गोल आळं केलं, आळ्याला दगड लावले, दगड पुन्हा काढून एका ओळीत लावले. काम खरोखर देखणं झालं होतं.

त्यानं झारीभर पाणी घातलं आणि महाराजांकडे पाहिलं.

महाराज बघत होते.

त्यानं दुसरी झारी घातली. एक दगड वाकडा वाटला, तो सरळ केला. तिसरी झारी घातली. महाराज अजून बघतच होते. त्यानं चौथी भरून आणली.

"तहान त्याला लागलीय की तुला?"

झारी हातातच राहिली. आळं काठोकाठ भरलं होतं. खालच्या मातीचा चिखल झाला होता आणि बकुळ एका अंगाला कलली होती.

"तुम्ही बघत होता..." मुरलीधर म्हणाला. "नुसतं उभं राहायला बरं वाटेना."

महाराजांनी पायाच्या अंगठ्यानं आळ्याचा काठ फोडला. पाणी वाहून गेलं.

मुरलीधर खाली बसला. दोन्ही हात चिखलात घालून त्यानं रोप सरळ केलं आणि तळव्यांनी माती दाबत राहिला. पँटचे गुडघे भरले. या खेपेला त्यानं मान वर केली नाही.

महाराजांनी जमिनीवरची फाटकी पिशवी उचलली आणि ओट्यावर पडलेल्या त्या दोन कागदांवर नेऊन ठेवली. ओली माती कागदांना लागली. एकावरच्या आकड्याची शाई फुटली, मग दुसऱ्यावरचीही.

हात धुऊन मुरलीधर ओट्यापाशी आला. कागदांना त्यानं हात लावला नाही. पिशवी उचलली, बोटांत फिरवली.

"महाराज... तीनशेच्या तीनशे अशाच आहेत तिथं मातीत."

"दोनशे साठ," त्यानं स्वतःच दुरुस्त केलं. "चाळीस तर गेलीच."

विहिरीवर एक कावळा येऊन बसला आणि उडाला.

"त्यांना माहीत नाही. सांगितलं नाही तर कळायचंही नाही, वर माती आहे." त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. ती त्याच्या तोंडावर सरळ दिसत होती. "सांगावं लागेल. सांगितल्यावर ठेवतील की हाकलतील, कोण जाणे."

त्यानं पिशवीची घडी घातली.

"ठेवलं तरी सगळी उकरून पिशव्या सोडवायच्या. जपून करावं लागेल. महिना जाईल." तो ओट्यावर बसला. मातीतच बसला. आणि सवय सुटत नाही म्हणतात, तसं झालं. "महाराज, ते काम उक्तं धरू की तासावर?"

महाराज उठून आत गेले.

बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा एका हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या, वर ठेचा. दुसऱ्या हातात मठातलं जुनं खुरपं होतं. दोन्ही त्यांनी मुरलीधरच्या हातात दिलं.

"वाटेत खा. ऊन उतरलंय, अंधाराच्या आत दहा तरी पिशव्या सुटतील."