हंड्यातले बी

निंबळवाडीच्या ओढ्याकाठी, खंडोबाच्या देवळामागे गवताळे महाराजांची झोपडी होती. महाराज कुठून आले हे कुणालाच ठाऊक नव्हते. गवताच्या छपराखाली राहिले म्हणून लोकांनी हे नाव ठेवले आणि महाराजांनी ते हसत घेतले. भल्या पहाटे कढत पाण्याने स्नान करायचे हा त्यांचा नेम. पाणी तापवायची सेवा ठकूबाई माळणीची. एक दिवस चुकेल तर शपथ!

गाव वांग्यांचे. हंगामाच्या तोंडाशी सगळे गाव आपापले बी ठकूबाईच्या ओटीत आणून घाली. ती झोपडीशेजारी बांबू आणि पाचटाचा मांडव उभारी, माती चाळून शेणखत कालवी, वाफे बांधी आणि भिजवलेले बी पेरून रोपे घरोघरी वाटी. बी देताना घरात चिमूटभरही मागे ठेवायचे नाही, अशी रीत होती. मागे ठेवले म्हणजे धरणीमायेवर भरवसा नाही, असे म्हातारी माणसे म्हणत.

दौलतराव इनामदार या रीतीला नाक मुरडत. संस्थानच्या बागेत पाहून त्यांनी आपल्या मळ्यात काचघर बांधले होते. जाता-येता ते मांडवापाशी घोडे थांबवीत. "काय ठकू, या खोपटात रोपं वाढवतेस का उंदरं?"

"महाराज देतील ते वाढवायचं, सरकार," ती म्हणे आणि पुन्हा माती चाळू लागे.

त्या वर्षी गारठा फार पडला. बियांना ऊब मिळावी म्हणून ठकूबाईने गावाचे बी महाराजांच्या स्नानाच्या हंड्यात भिजत घातले आणि तो हंडा चुलीशेजारी ठेवला. पहाटे उठली ती नामस्मरणाच्या तंद्रीतच. रोजच्या सवयीने हंडा उचलला, चुलीवर चढवला, जाळ सारला. पाण्याला उकळी फुटली तशी तिने हंड्यावर झाकलेली फळी बाजूला केली. पाहते तो काय, पाण्यात वांग्याचे बी नाचते आहे! अख्ख्या गावाचा हंगाम तिने आपल्या हाताने शिजवला होता.

"महाराज, मी मेले!" ती धाय मोकलून रडू लागली. "आता गावानं लावायचं काय? खायचं काय?"

गाव गोळा झाले. बायका कपाळ बडवू लागल्या. बोभाटा ऐकून दौलतरावही आले आणि हंड्यात डोकावून खदाखदा हसले. "शिजलंच आहे तर फोडणी घाला की!"

महाराजांनी सगळे शांतपणे ऐकले. म्हणाले, "ठकू, पाणी फार निववू नकोस. आम्ही याच पाण्यानं न्हाणार." स्नान झाले. फडक्यात गाळून घेतलेल्या बियांवरून त्यांनी अलगद हात फिरवला. "आमच्या सेवेला आलेलं बी वाया कसं जाईल? पेर. आणि एक मूठ दौलतरावांच्या पदरात घाल."

"द्या!" दौलतराव म्हणाले. "माझ्या काचघरात मढंसुद्धा उठून बसेल, पण हे बी उगवायचं नाही. मग साऱ्या गावापुढं या महाराजांना जाब विचारीन."

ठकूबाईने बी पेरले. वाफ्यावर रोज झारीने पाणी शिंपावे, रात्री पाचट पांघरावे, सकाळी काढावे. मातीत काही हालेना. शेजारणी बोलेनाशा झाल्या. ती वाफ्यापाशी बसून रडे. तरी महाराजांनी पेर म्हटले आहे, म्हणून ती पाणी घालीत राहिली.

एके सकाळी दौलतराव आले. पायांत वहाण नाही, डोक्यावर पागोटे नाही, हातांत मातीची पाटी. पाटीत हिरवे कोंब दाटीवाटीने उभे! लोकांनी तोंडात बोटे घातली.

"ठकूबाई, उगवलं गं!" त्यांनी पाटी तिच्यापुढे धरली. "खोटं कशाला बोलू? पहिला कोंब दिसला तेव्हा वाटलं, उपटून टाकावा, कुणाला कळतंय? बोटांत धरलाही. उपटवेना मला."

महाराज हसले. "काचेखाली ऊब जास्त, म्हणून तिथं आधी आलं. काचघर चांगलंच आहे, दौलतराव. गारठा हटला की इथंही येईल." दौलतराव पायांवर पडू लागले, तसे महाराज मागे सरले. "आमच्या नाही. जिनं रडत रडत पाणी घातलं, तिच्या."

"अगं बाई, नको नको!" ठकूबाई ओशाळून मागे झाली. मग तिची नजर पाटीवर गेली आणि तिचे सारे भान तिकडे वळले. "सरकार, पाया नंतर पडा. कोंब माना टाकायला लागलेत, आधी त्यांना पाणी घाला!"

तिने झारी पुढे केली. इनामदारांनी ती घेतली आणि थेंब थेंब पाणी घातले. दुसऱ्याच दिवशी मांडवातले वाफेही हिरवे झाले, आणि त्या हंगामात रोपांवाचून एकही घर राहिले नाही. पण त्या सकाळी वाफे अजून उघडेबोडके होते. झारी खाली ठेवून दौलतराव गुडघ्यांवर बसले आणि ठकूबाईसमोरच्या त्या ओल्या मातीवर त्यांनी माथा टेकला. उठले तेव्हा कपाळाला चिखल लागला होता. कुणीतरी उपरणे पुढे केले, पण त्यांनी तो पुसला नाही.