डुमी बेडकीचं पालथं घर

एक होती बेडकी. इवलीशी, बोराएवढी. तिचं नाव डुमी. कुमूमावशीच्या परसबागेत तिचं घर होतं. घर म्हणजे पालथी घातलेली एक कुंडी. कुंडीची कड थोडी फुटकी होती. तेच डुमीचं दार.

पाऊस संपला. ऊन तापायला लागलं. पोटभर डास खाऊन डुमी घरी आली, टुणुक टुणुक. बघते तर काय, दार गेलं आभाळाकडे. मावशीनं कुंडी सरळ केली होती, माती भरली होती आणि वांग्याचं रोप लावलं होतं.

डुमीला रडूच आलं. उन्हात बसली असती तर तिचा पापडच झाला असता. ती मावशीकडे गेली, टुणुक टुणुक.

"मावशी, माझं घर दे ना."

मावशी म्हणाली, "अगं, मग रोप कुठं लावू? वाफा बघ कसा दगड झालाय. तो मऊ झाला तर देईन."

डुमी गेली वाफ्याकडे, टुणुक टुणुक.

"वाफोबा, वाफोबा,
मावशी कुंडी देईना,
मला घरात जाता येईना.
तुम्ही मऊ व्हा ना."

वाफा म्हणाला, "मी आपला आपण मऊ होत नसतो. खुरप्यानं उकरलं तर होईन."

डुमीनं तरी वाफ्यावर उड्या मारून पाहिल्या. धप धप धप. वाफा तस्साच. धूळ मात्र उडाली आणि डुमीच्या ओल्या अंगाला चिकटली. डुमीचं झालं मातीचं ढेकूळ.

ढेकूळ गेलं खुरप्याकडे, टुणुक टुणुक. खुरपं दुधीच्या वेलीखाली दडपून पडलं होतं.

"खुरपेराव, खुरपेराव,
वाफा मऊ होईना,
मावशी कुंडी देईना,
मला घरात जाता येईना.
तुम्ही बाहेर या ना."

खुरपं कण्हत म्हणालं, "ही वेल माझ्या अंगावर लोळतेय. मावशी मला केव्हाची शोधतेय. वेल उठली तर येईन."

डुमी गेली वेलीकडे, टुणुक टुणुक.

"वेलीबाई, वेलीबाई,
खुरपं बाहेर येईना,
वाफा मऊ होईना,
मावशी कुंडी देईना,
मला घरात जाता येईना.
तुम्ही मांडवावर चढा ना."

वेल म्हणाली, "कशी चढू? ही अळी माझा शेंडा खातेय. ती उतरली तर चढेन."

डुमी गेली अळीकडे, टुणुक टुणुक. अळी होती हिरवी, लठ्ठ. तिचं चाललं होतं कुरूम कुरूम.

"अळीबाई, अळीबाई,
वेल वर चढेना,
खुरपं बाहेर येईना,
वाफा मऊ होईना,
मावशी कुंडी देईना,
मला घरात जाता येईना.
तुम्ही खाली उतरा ना."

अळीनं ढेकर दिला. म्हणाली, "चल रे ढेकळा. मी भिते फक्त बेडकीला. बेडकी आली तर उतरेन."

आता बेडकी कुठून आणायची? डुमी विचारात पडली. बेडकी म्हणजे कुणीतरी मोठी, दांडगी बाई असणार, असं तिला वाटलं. तुम्हाला माहीत आहे ना बेडकी कुठाय? सांगू नका हं. तिचं तिला कळू दे.

बागेत पाण्यानं भरलेलं एक घमेलं होतं. डुमीनं आत वाकून पाहिलं. आतून कुणीतरी डोळे वटारून बघत होतं.

"घमेल्यातल्या बाई, घमेल्यातल्या बाई,
अळी खाली उतरेना,
वेल वर चढेना,
खुरपं बाहेर येईना,
वाफा मऊ होईना,
मावशी कुंडी देईना,
मला घरात जाता येईना.
तुम्ही बेडकी पाहिलीत का?"

घमेल्यातल्या बाईनं नुसतं तोंड हलवलं. डुमीला काही ऐकू येईना. ती आणखी वाकली, आणखी वाकली, आणि डुबुक. पडली की पाण्यात.

धूळ गेली. ढेकूळ गेलं. डुमी बाहेर आली ती कशी अगदी चकचकीत. अळीनं तिला पाहिलं मात्र, तिची बोबडीच वळली.

"बे... बे... बेडकी आली!"

डुमीनं मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. बाजूला पाहिलं. तिथंही कुणी नव्हतं. मग तिनं खाली आपले पाय पाहिले.

"अय्या," डुमी म्हणाली, "ती मीच की."

मग तिनं गाल फुगवले. डरांव.

अळी खाली उतरली, टपकन. कुंपणापलीकडे पळाली, सुरसुर.
वेल मांडवावर चढली, सरसर.
खुरपं बाहेर आलं, खण्णकन. मावशी त्याला म्हणाली, "मेल्या, इथं होतास होय?"
खुरपं चाललं, खचक खचक.
वाफा झाला मऊ, भुसभुशीत.
रोप गेलं वाफ्यात.
कुंडी झाली रिकामी. मावशीनं ती पालथी घातली.

पण दार गेलं भिंतीकडे. आता आत शिरायचं कसं? डुमीनं पुन्हा गाल फुगवले. डरांव. मावशी हसली आणि तिनं कुंडी फिरवली.

"राहा बाई इथंच," ती म्हणाली. "तुझं घर आता कुणी हलवणार नाही."

डुमी आत गेली, टुणुक टुणुक. आत काळोख होता आणि गारगार होतं. डुमीला फार बरं वाटलं.

कुंडी झाली पालथी, गोष्ट झाली पुरती. आता हळू बोला. डुमी झोपलीय.